मदत हवी आहे : नळाचं पाणी घातलं आणि मासे गेले

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. घरात १०० लिटरची टाकी आहे, दीड वर्ष झालं, छान बसलेली. चार मॉली, सहा गप्पी, दोन एंजल, दोन कोरीडोरास. गेल्या रविवारपर्यंत. आता दोन कोरी आणि एक एंजल उरलाय, तोही पर मिटून कोपऱ्यात उभा असतो.

चवथीची साफसफाई चालली होती. एरवी मी दर रविवारी २०-२५ लिटर पाणी बदलते आणि तेही गच्चीवरच्या टाकीतलं. या वेळी ती टाकीच धुवायला रिकामी केली होती. म्हणून सकाळी नळाला आलेलं पाणी पाईप लावून थेट घातलं. सगळं घर निघतंय तर हेही एकदाच होऊन जाऊ दे म्हणून अर्धी टाकी बदलली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, पाणी निवळ येईपर्यंत चोळून धुतला. पाण्याला पोहायच्या तलावासारखा वास येत होता. पावसात खांडेपार नदी तांबडी होऊन वाहते, तेव्हा औषध जास्त पडत असणार हे समजतं. आम्ही तेच पाणी पितो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माशांचं माझ्या लक्षातच आलं नाही.

अर्ध्या तासात मॉली वर येऊन तोंड उघडमीट करायला लागल्या. कल्ले इतके भरभर हलत होते की मोजता येईनात. एक एंजल दोनदा काचेवर आपटला आणि आडवा झाला. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती टाकीसमोरून हलेना. दुकानदाराने फोनवर हायपोचा (क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचा) खडा टाकायला सांगितलं. तो शोधून टाकेपर्यंत उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत आठ गेले आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन.

हे क्लोरीनच ना? शेजारचे म्हणतात पाणी रात्रभर ठेवलं की पुरे. नेटवर वाचलं की क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं) असेल तर ते तसं उडून जात नाही. आमच्या नळाला नेमकं काय येतं हे घरी कसं ओळखायचं? हायपो मापून किती घालायचा? आणि सासूबाई म्हणतात बांयचं (विहिरीचं) पाणी घाल, मागच्या दारी बांय आहे. ते चालेल का? उरलेले तीन मला वाचवायचे आहेत.

प्रतिसाद १

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी मडगावचा, वीस वर्षं मासे पाळतोय, माझ्याही हातून एकदा हे झालंय.

सगळ्या जातींचे मासे एकाच वेळी, अर्ध्या तासात धापा टाकायला लागले म्हणजे क्लोरीनच. ते कल्ले जाळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा आपल्याकडचा मानक आहे. माणसाला ते हवंच, पण माशाला त्याहून कितीतरी कमीही बाधतं. नंतरचे तीन बहुधा अमोनियाने गेले. स्पंजमधले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, ते नळाच्या पाण्याने मेले. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा.

आत्ता खाणं बंद करा, एअर पंप जोरात ठेवा, रोज २० लिटर बदला, पण हायपो घातलेल्याच पाण्याने.

ओळखायचं असं : पोहायच्या तलावाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायला मिळतात ते ओटीओचे थेंब आणा. ताज्या नळाच्या पाण्यात टाका, पिवळं होईल. बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडून २४ तास ठेवा आणि पुन्हा थेंब टाका. रंग आला नाही तर साधं क्लोरीन होतं, उडून गेलं. तेव्हाही पिवळं झालं तर क्लोरामाईन समजा. हायपोने त्यातलं क्लोरीन मरतं पण अमोनिया सुटतो, मग अमोनिया बांधणारं कंडिशनर लागेल.

हायपो १० ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ५० लिटरला साडेतीन मिलि पुरतं. नुसता खडा टाकीत टाकू नका, बादलीत आधी मिसळून घ्या.

बांयच्या पाण्यात क्लोरीन नसतं हे खरं, पण आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी मृदू आणि आंबट असतं. एकदम घालू नका. बादलीत रात्रभर हवा सोडा, मग थोडं थोडं. पुढे मॉली आणायच्या असतील तर त्यांना जड पाणी लागतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवल्या की बराच फरक पडतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आजच थेंब आणून बघितले. नळाचं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. दुसरी बादली एअर स्टोन लावून ठेवली आहे, उद्या याच वेळी बघते. तोपर्यंत हायपो मिसळून २० लिटर बदललं. मघाशी एंजलने पर उघडले, कोपरा सोडून फिल्टरजवळ आलाय. स्पंजमध्ये जिवाणू परत यायला किती दिवस लागतात? शेजारच्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज पिळून घातला तर लवकर होईल का?