मदत हवी आहे : १४ महिन्यांची मुलगी, ७.१ किलो, अंगावरच पिते, घट्ट खात नाही

मुलगी १४ महिन्यांची, वजन ७.१ किलो (या वयाला ७.४ च्या खाली म्हणजे कमी वजन), दंडघेर १२.७ सेंमी. ताप, जुलाब नाहीत. रात्री पाच-सहा वेळा पिते, सकाळी भूक नसते. दिवसभरात वरणाचं पाणी, पातळ नाचणीची पेज आणि चहा-बिस्कीट. पेजेत जवळजवळ पाणीच, पोट भरतं पण उष्मांक जात नाहीत. चहा आधी बंद करायला तिच्या आईला सांगितलाय, त्याने लोह कमी शोषलं जातं.

अंगावरचं दूध तोडायचं नाहीये. फक्त क्रम बदललाय : दिवसा आधी जेवण, मग दूध. दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ अशी मऊ खिचडी, पाऊण वाटीला एक चमचा तूप (५ ग्रॅम, साधारण ४५ उष्मांक), वर शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. अख्खे दाणे नाहीत, घशात अडकतात. असं तीन-चार वेळा, मध्ये केळं किंवा अंडं.

अडचण अशी की चमच्यावरून सांडणार नाही इतकं घट्ट केलं की ती थुंकते, पातळ केलं की सगळं मुसळ केरात.

मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ गरम, घट्ट पेजेत घातलं की पाणी न वाढवता ती सैल होते. कोणी नियमित करत असेल तर सांगा : वाटीला किती पीठ, किती वेळ ठेवायचं? नंतर पुन्हा उकळी काढता ना? आणि आईचं दूध न तोडता रात्रीच्या पाळ्या कशा कमी केल्या?