'पर्यंत'साठी बाय की टिल?

प्रश्न: 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' हे वाक्य साहेबांनी 'बाय फ्रायडे' असं बदललं. अर्थ तर एकच ना?

प्रतिसाद १: नाही. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं, म्हणून गोंधळ होतो. 'शुक्रवारच्या आत कधीही, एकदाच' असेल तर बाय. 'तोवर सतत' असेल तर टिल किंवा अंटिल: 'आय अ‍ॅम ऑन लीव्ह टिल फ्रायडे'. तुमच्या वाक्यातून शुक्रवार उजाडेतो रिपोर्ट पाठवतच राहणार, असं ध्वनित होतं.

प्रतिसाद २: नकारार्थी वाक्यात जास्त जपा, तिथे व्यवहार बिघडतो. 'डोन्ट पे अंटिल द टेन्थ' म्हणजे १० तारखेआधी पैसे देऊ नका. 'पे बाय द टेन्थ' म्हणजे १० तारखेपर्यंत द्याच. आणि मुदत दिवसांत मोजायची असेल तर 'विदिन थ्री डेज'. 'बाय थ्री डेज' चुकीचं.

प्रतिसाद ३: जागेसाठीही टिल नको. 'स्टेशनपर्यंत चाललो' म्हणजे 'आय वॉक्ड टू द स्टेशन' किंवा 'अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन'. संख्येला 'अप टू': 'अप टू फिफ्टी पीपल'. मेलमध्ये बायसोबत वेळही लिहा, 'बाय ५ पीएम ऑन फ्रायडे'. नुसत्या 'बाय फ्रायडे'त शुक्रवार धरायचा की नाही, यावर वाद होतात.