शुगर लो झाली की पेढा द्यायचा का साखर?

सांगलीची_सून: सासूबाई ६८ च्या आहेत, डायबेटिस जुना, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. परवा संकष्टीला चंद्र उगवायच्या आधीच दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर ५८ आलं. सासऱ्यांनी देवापुढचा पेढा भरवला पण शुगर लवकर वर येईचना. जाऊबाई म्हणतात पर्समध्ये चॉकलेट ठेवा, शेजारच्या काकू म्हणतात गूळ. घरात नक्की काय ठेवायचं?

खवय्या_पुणे: पेढा, बर्फी, चॉकलेट काहीच नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम पटकन लागणारं गोड द्या, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून नाहीतर अर्धा कप फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी परत टोचून बघा, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. घाबरून वाटीभर साखर भरवतात लोक, मग तासाभरात ३००!

गोळीवाला: वरचं बरोबर आहे पण यांच्या केसमध्ये साखर नको हो, व्होग्लिबोज वाचलं नाहीत का? साखरेचं आतड्यात ग्लुकोज व्हावं लागतं आणि ही गोळी नेमकं तेच अडवते, त्यामुळे साखर, गूळ दोन्ही उशिरा लागतात. मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आणा, तीन भरलेले चमचे पाण्यात. एक पाकीट उशाशी, एक पर्समध्ये.

निशा_नर्स: आणि किडनीचा त्रास असेल तर शहाळं, संत्र्याचा रस टाळा, पोटॅशियम असतं. ग्लिमेपिराइडमुळे शुगर वर येऊन परत पडू शकते, म्हणून ग्लुकोज देऊन लगेच झोपवू नका, बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दहीभात खायला घाला आणि रात्रीही एकदोनदा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही, श्वासात अडकतं. सरळ १०८ लावा. उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची का, किती, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

सांगलीची_सून: किडनीचं काही नाहीये. दहीभात म्हटलं की उपास मोडेल म्हणून आई ऐकणार नाहीत हो.

निशा_नर्स: मग राजगिऱ्याची भाकरी आणि दही द्या, पण चंद्राची वाट बघत बसू नका.