एनसीव्ही (नसांचा वेग मोजणारी तपासणी) नॉर्मल, तरी तळवे जळतातच

ताई, 'सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग आईचे तळवे रात्री का जळतात?' असं विचारलंत. माझंही हेच. कुडाळहून कोकणकन्येने मुंबईच्या तीन खेपा केल्या. एका डॉक्टरांनी तर 'मनावर घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं. उलगडा तिसऱ्यांनी केला. एनसीव्ही जाड नसाच मोजते, जळजळ वाहणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसतच नाहीत. त्यासाठी त्वचेचा इवलासा तुकडा काढून तपासतात. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व आधी बघा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही तळवे जळू शकतात. मला प्रेगाबालिनने, म्हणजे नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने, बराच उतार पडला, पण दोन-तीन आठवडे गेले. झोप मात्र अशी, की दहाच्या पेजेवरच डुलक्या! गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आणि खळ्यात अनवाणी नकोच.