दुर्गम वाड्यांसाठी रुग्णवाहिका घ्यावी की उपकेंद्र मागावे?

प्रश्न – सड्यावरचा

आमची ग्रामपंचायत राजापूर तालुक्यात असून गाव सड्यापासून, म्हणजे वरच्या कातळपठारापासून, खाडीपर्यंत पसरलेले आहे. गावठाणात आरोग्यसेवा बऱ्यापैकी मिळते, परंतु वरचा धनगरवाडा आणि खाडीकाठची वस्ती या दोन्ही ठिकाणी ती क्वचितच पोहोचते. धनगरवाड्यापर्यंत गाडीरस्ता नाही. पावसाळ्यात मधला वहाळ (ओढा) फुगला की आजारी माणसाला डोलीत घालून लांबच्या वाटेने उतरवावे लागते. खाडीकाठी बोटींवरचे नेपाळी खलाशी आणि हंगामात आंबा बागांचे राखणदार राहतात; त्यांची नावे गावाच्या कोणत्याच यादीत नाहीत. मुंबईच्या ग्रामविकास मंडळाने रुग्णवाहिका देण्याची तयारी दाखवली आहे, तर काही सदस्यांच्या मते स्वतंत्र आरोग्य उपकेंद्राचीच मागणी लावून धरावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर – निवृत्त वैद्यकीय अधिकारी

उपकेंद्राची मागणी बहुधा लोकसंख्येच्या निकषावर अडेल. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्या, असे हे निकष आहेत. कोकणाची गरज या मापाने मोजता येत नाही. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, आणि सिंधुदुर्गाचीही घटली. कमावती माणसे मुंबईला गेली व गावात वृद्ध अधिक राहिले. म्हणजे डोकी कमी झाली तरी आजारपण त्या प्रमाणात कमी झाले नाही. निकष मात्र डोकीच मोजतो.

म्हणून इमारतीऐवजी ठरलेल्या दिवशी वाडीवर येणारी सेवा मागावी, असे माझे मत आहे. बहुतेक उपकेंद्रांचे रूपांतर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिरां’त झाले असून तेथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद असते. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची तपासणी करून त्यांना नियमित औषधे देणे हे त्या पदाचेच काम आहे. महिन्यातील एक ठरलेला वार धनगरवाड्याला द्यावा, असा ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि त्यासोबत साठीपुढील व्यक्ती, गरोदर माता व नियमित औषधे घेणारे रुग्ण यांची वाडीनिहाय यादी जोडा. यादी जोडलेला ठराव बाजूला सारणे कठीण जाते.

रुग्णवाहिकेविषयी एवढेच सांगतो की, सर्पदंशात किंवा विंचूदंशात जीव वाचतो तो जवळच्या केंद्रात औषध आणि ते देणारा माणूस हजर असल्यामुळे. विंचूदंशावर प्राझोसिनच्या साध्या गोळीचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाड परिसरातच काम करून जगापुढे मांडला. प्रतिसर्पविषाचा साठा आपल्या केंद्रात आज आहे का, आणि रात्री तेथे कोण असते, हे आधी विचारा.

उत्तर – माजी आरोग्य सहायिका

डॉक्टरांशी मी सहमत आहे. मात्र ठरलेला वार कागदावरच राहतो, हेही मी नोकरीत पाहिले आहे. आरोग्यसेविकेकडे अनेक वाड्या असतात, लसीकरणाची सत्रे आणि नोंदवह्या असतात, आणि चढण चढून गेल्यावर माणसे गुरांमागे किंवा शेतावर गेलेली असली तर पुढच्या खेपेस तिचा उत्साह राहत नाही. म्हणून वार वाडीला विचारून ठरवावा आणि आशाताईंनी आदल्या दिवशी निरोप द्यावा. धनगरवाड्यातीलच एखादी स्त्री आशा म्हणून निवडता येईल का, हेही पाहावे, कारण डोंगरी भागात हजार लोकसंख्येची अट शिथिल करून वस्तीमागे एक आशा देता येते.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. उंदरांच्या व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलात हातापायांना जखमा असताना माणसे दिवसभर राबतात आणि ताप आला की अंगदुखीची गोळी घेऊन पुन्हा शेतात उतरतात. जोखीम असलेल्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, परंतु ती गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना चालत नाही, म्हणून सरसकट न वाटता आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फतच द्यावी.

उत्तर – चाकरमानी, लालबाग

मी अशाच एका मंडळाचा कार्यकर्ता आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. देणगीदाराला डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी असते. गाडीवर मंडळाचे नाव रंगवता येते, गोळ्यांच्या पाकिटावर येत नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून विनामूल्य आहे हे खरे, पण ती दूरच्या तळावरून येईपर्यंत गावात काहीच नसते. तेव्हा रुग्णवाहिकेची कल्पना मोडीत काढू नका.

उत्तर – निवृत्त वैद्यकीय अधिकारी

आपला मुद्दा रास्त आहे, परंतु चालकाचा पगार, विमा, इंधन आणि दुरुस्ती दरवर्षी कोण भरणार, हे मंडळाने लेखी द्यावे. चालकाविना उभ्या राहिलेल्या देणगीच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शिवाय या गावची अडचण रस्त्यापासून पुढची नसून वाडीपासून रस्त्यापर्यंतची आहे. नाव रंगवायचेच असेल तर वहाळावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल, बांधा. त्यावरून डोली उतरेल आणि आरोग्यसेविका वर चढेल.

प्रश्नकर्ता – सड्यावरचा

साकवाचा विचार आमच्यापैकी कोणी केलाच नव्हता. मंडळाला तसे कळवतो. खलाशांचे काय करावे?

उत्तर – माजी आरोग्य सहायिका

लसीकरणाला किंवा तापाच्या रक्तनमुन्याला रहिवासाचा दाखला लागत नाही, हे प्रथम बोटमालकांना सांगा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत अनेक खलाशी गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जेटीवर संध्याकाळी शिबिर ठेवा, कारण सकाळी ते समुद्रात असतात. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला मिळणाऱ्या वार्षिक निधीतून, जो साधारणतः १०,००० रुपयांपर्यंत असतो, त्या शिबिराचा किरकोळ खर्च भागू शकेल. नेपाळी बोलणारा एखादा जुना राखणदार मदतीला घ्या.