घरच्या उपासनेची हजेरी घ्यावी का?

वडगावची आई

सर्वांना सलाम. आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला उपासना असते, सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेली. गेल्या जूनपासून ह्यांनी एक वही घातली. प्रत्येकानं पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचायचा, वहीत तारीख आणि अध्याय लिहून सही करायची. मुलगा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. त्याची एकही सही चुकलेली नाही. मंडळीतल्या दोघातिघांना ह्यांनी ती वही कौतुकानं दाखवलीसुद्धा.

परवा कपाट आवरताना त्याचं शास्त्र हातात आलं. आजोबांनी दिलेलं, चेनच्या कव्हरातलं, सोनेरी कडांचं. नव्या शास्त्राची पानं त्या मुलाम्यानं एकमेकांना चिकटलेली असतात, पहिल्यांदा उलटताना कर्रकन सुटतात. वहीत शास्त्रातल्या नहेम्या या पुस्तकाच्या तेराही अध्यायांपुढं सही होती आणि नहेम्याची पानं चिकटलेलीच होती.

विचारलं तर म्हणाला, "सही नसली की पप्पा ताटावर बसू देत नाहीत. आणि मम्मी, तू तरी कुठं ऐकतीस? तुझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडं असतंय."

रात्रभर झोप लागली नाही. मुलाला खोटं बोलायला आम्हीच शिकवलं, आणि तेही शास्त्र पुढ्यात ठेवून. "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" असं प्रेषित पौलानं इफिसकरांना लिहिलंय ते काय उगीच? माझं मत झालंय की वही बंद करावी आणि ज्याला बसावंसं वाटेल त्यानं बसावं. हे ऐकायला तयार नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचे निवृत्त मास्तर

ताई, जेवणावरून अडवणं चूकच. ते आजच थांबवा. पण वहीबरोबर उपासनाही ऐच्छिक करणार असाल तर माझा विरोध आहे.

माझे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. घरी आले की अंगाला तो उग्र वास, डोळे लाल. तरी हातपाय धुऊन आम्हाला घेऊन बसायचे. तेविसावं स्तोत्र मी लहानपणी हजारदा म्हटलं असेल, आणि त्यातलं नऊशे वेळा मन विटीदांडूत. ढोंगच म्हणा ना त्याला. पुढं माझी बायको गेली त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात मला स्वतःची अशी एक ओळ प्रार्थना सुचेना. तोंडातून आपोआप आलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." ते शब्द वडिलांनी बळजबरीनं आत घालून ठेवले होते म्हणून सापडले.

लंडन मिशन ही मिशनरी संस्था बेळगावात १८२० साली आली. या भागातली जुनी ख्रिस्ती घराणी टिकली ती घरच्या उपासनेवर. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, काही रोज दारात येत नव्हते. मन तयार होईपर्यंत वाट बघत बसलो तर पंधरा वर्षांच्या पोराचं मन मोबाईलकडंच तयार होणार.

खानापूर तालुक्यातली सून

मास्तर, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ते स्वतः थकलेले असून बसत होते, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. तुमच्या आत काय गेलं असेल तर ते गेलं, नुसते शब्द नव्हे.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. केसात अबोली माळली म्हणून सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. बाहेरचा शृंगार नको, पेत्रानं लिहिलंय म्हणे. लिहिलंय, मान्य. पण त्याच वर्षी भातकापणीच्या बायका मजुरीसाठी चार वेळा दारात आल्या आणि चारही वेळा "प्रार्थना चाललीय, नंतर या" सांगून परत पाठवल्या. सांगायला मलाच बाहेर धाडलं. त्यातल्या एकीच्या कडेवर पोर होतं. त्या दिवसापासून त्या घरातल्या प्रार्थनेला "आमेन" म्हणताना माझी जीभ जड होते. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश द्यायचा आणि न्याय, दया, विश्वास सोडायचा, असं प्रभू येशू परूश्यांना, त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, म्हणाला ते हेच.

निपाणीचे निवृत्त मास्तर

मजुरी अडवणं पापच आहे, त्याला उपासनेचा आडोसा घेणं त्याहून मोठं. पण वचन पुढंही वाचा. ह्या करायच्या होत्या, तरी त्या सोडायच्या नव्हत्या, असं प्रभू म्हणतो. पुदिन्याचा दशांश बंद करा असं तो म्हणाला नाही.

कॅम्पातला एक

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं! त्या पुन्हा नवऱ्याकडं राहायला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊन आणि टिळकांनी ते चालू दिलं. एवढा कडक स्वभावाचा माणूस, पण बायकोच्या श्रद्धेवर हुकूम चालवला नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, म्हणून पुढं डगमगल्या नाहीत. मी वडगावच्या ताईंच्या बाजूनं.

निपाणीचे निवृत्त मास्तर

लक्ष्मीबाई मोठ्या बाई होत्या, संसार केलेल्या. इथं प्रश्न पोराचा आहे. पोराला शाळेत जायचं का, हे आपण विचारत नाही.

ताई, सरळ विचारतो. वही बंद केली आणि चार महिने तो उपासनेला फिरकलाच नाही, तर काय कराल?

वडगावची आई

मास्तर, याच प्रश्नाची मला भीती वाटते. उत्तर माझ्याकडं नाही. वही मात्र मी काल ह्यांच्यासमोर ट्रंकेत टाकली. घरात बोलणं बंद आहे.

काल साडेसातला मी गॅस बंद करून बसले. कुकर आधीच उतरवून ठेवला होता. मुलगा आतल्या खोलीत होता, आला नाही. त्याचंच शास्त्र घेतलं आणि नहेम्याची पानं एकेक करून सोडवली. खरं सांगते, ते पुस्तक मी स्वतःही कधी धड वाचलं नव्हतं. आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या लोकांना अर्थ समजावून देतात, आणि समजल्यावर लोक रडायला लागतात. तिथं माझा आवाज अडला. आतून त्यानं विचारलं, "काय झालं मम्मी?" मी म्हटलं, काही नाही, वाचतेय.

आज नववा अध्याय आहे.