ड्रायव्हरमधला चिप ओळखायचा कोड एका कॉलवर आणला, तर पहिलीच चिप गायब

वाळूज_लॉगर:
शेतातल्या हवामान केंद्राच्या डेटा लॉगरसाठी बॉशच्या हवेचा दाब आणि तापमान मोजणाऱ्या तीन सेन्सरना मिळून एकच लिनक्स ड्रायव्हर आहे: बीएमपी२८०, बीएमई२८०, बीएमपी१८०. बोर्ड वाळूजला भरतात, बसतात परभणी-हिंगोलीकडं. जुन्या प्रोबमध्ये (चिप ड्रायव्हरला जोडताना कर्नल बोलावतो ते फंक्शन) डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावरच्या चिपांची यादी) नोड असेल तर ऑफ_मॅच_डिव्हाइस, नसेल तर आयटूसी_मॅच_आयडी, त्यातून एनम (नावांना दिलेले क्रमांक), आणि त्या एनमवर पाच ठिकाणी स्विच असा पसारा होता. तो काढून आयटूसी_गेट_मॅच_डेटा हा एकच कॉल ठेवला. उत्तर नल (रिकामा पॉइंटर) आलं की उणे ईनोडेव्ह ('उपकरण नाही', म्हणजे उणे १९) देऊन बाहेर.

आता बीएमई२८० आणि बीएमपी१८० चालतात. बीएमपी२८० ला प्रोब उणे १९ देतो. वायरिंग तेच, पत्ता हेक्स ७६ तोच, जुनं मॉड्यूल टाकलं की तीच चिप वाचता येते. एनमचा क्रम वर नावं दिली तसाच आहे.

दुसरं, चिप आयटूसीऐवजी एसपीआय बसवर असलेल्या बोर्डावर मॉड्यूल आपोआप लोड होत नाही, हातानं मॉडप्रोब करावं लागतं. तिथला नावांचा टेबल आता लागत नसेल म्हणून उडवला होता.

गोदाकाठ:
उत्तर तुमच्याच एनमच्या क्रमाच्या ओळीत आहे. एनमला आकडे दिले नाहीत तर पहिल्याला शून्य मिळतो. तुमचा पहिला बीएमपी२८०. टेबलाच्या डेटा खान्यात शून्य टाकला म्हणजे पॉइंटर म्हणून नलच. त्या फंक्शनला 'जुळलं, डेटा शून्य' आणि 'जुळलंच नाही' यातला फरक सांगायची सोयच नाही. चिप सापडलेली असते, तुमची तपासणी तिला हाकलते.

ती तपासणी काढून टाकू नका, नाहीतर उलटं दुखणं मागं लागेल. खरंच काही जुळलं नाही तरी शून्य येईल आणि ड्रायव्हर मुकाट्यानं बीएमपी२८० धरून चालेल. एनम १ पासून सुरू केला तर आजचं काम भागतं. पण पाच स्विच तसेच राहतात, मग सोपं काय झालं?

एनम काढाच. प्रत्येक चिपसाठी एक कॉन्स्ट स्ट्रक्चर करा. त्यात ओळख रजिस्टरचा अपेक्षित आकडा, चॅनेलची संख्या, रेगमॅपची (रजिस्टर वाचायचा-लिहायचा थर) रचना, सुरू व्हायला लागणारा वेळ आणि कॅलिब्रेशन वाचायचं फंक्शन ठेवा. बीएमपी२८० ला आकडा हेक्स ५८, वेळ २ मिलिसेकंद. बीएमई२८० ला हेक्स ६०, शिवाय आर्द्रतेचा चॅनेल. बीएमपी१८० ला हेक्स ५५, आणि वेळ १० मिलिसेकंद. हा वेळ सगळ्यांना सारखा धरला की वीज येऊन-जाऊन करते तेव्हा बीएमपी१८० उठायच्या आतच तुम्ही तिला विचारता, आणि दोष बसच्या माथी जातो.

डिव्हाइस ट्रीच्या टेबलात या स्ट्रक्चरचा पत्ता सरळ लिहा. आयटूसीच्या टेबलातला ड्रायव्हर_डेटा हा पूर्णांक आहे, म्हणून तिथं कर्नल_यूलाँग_टी असा कास्ट लागतो. दोन्हीकडं पत्ता एकाच स्ट्रक्चरचा हवा. परत येणारा पॉइंटर कॉन्स्ट असतो, तुमचं व्हेरिएबलही कॉन्स्टच घ्या, नाहीतर कंपायलर कटकट करतो. पुढं चौथी चिप आली तर एक स्ट्रक्चर आणि दोन टेबलांत एकेक ओळ, प्रोबला हात नाही.

आणखी एक फायदा आहे. हा कॉल टेबल ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमधून स्वतः शोधतो, त्यामुळं दोन्ही टेबल प्रोबच्या वर ठेवायची सक्ती संपली. फाइलच्या तळाशी ड्रायव्हरजवळ ठेवा, वाचणाऱ्याला बरं पडतं.

उदगीर_कर्नल:
एसपीआयचं मी सांगतो. तिथं आयटूसीचा नियम लावू नका.

आयटूसीत डिव्हाइस ट्रीतून आलेलं उपकरण मोडअलायस (ज्यावरून मॉड्यूल शोधलं जातं ते नाव) 'ऑफ:' नं सुरू होणारं देतं. एसपीआयत उपकरण डिव्हाइस ट्रीतून आलं तरी मोडअलायस 'एसपीआय:' आणि पुढं चिपचं नाव असंच जातं, कंपनीचा उपसर्ग गळतो. तुम्ही नावांचा टेबल उडवल्यावर मॉड्यूलमध्ये त्या नावाची ओळच उरली नाही, मग यूडेव्ह (मॉड्यूल आपोआप लोड करवणारा प्रोग्रॅम) शोधणार काय? हातानं लोड केल्यावर मात्र डिव्हाइस ट्रीच्या टेबलानं जुळतं, म्हणून चिप चालते आणि घोळ लक्षात येत नाही. मॉड्यूल लोड होताना कर्नल लॉगमध्ये या ड्रायव्हरला एसपीआय आयडी नाही अशी सूचना बहुतेक येत असेल, बघा.

एसपीआयचा टेबल परत आणा, मॉड्यूल_डिव्हाइस_टेबलची ओळ त्यालाही द्या, आणि प्रोबमध्ये एसपीआय_गेट_डिव्हाइस_मॅच_डेटा वापरा. मग सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलरूपात दाखवतो ती जागा) त्या उपकरणाच्या फोल्डरातली मोडअलायस फाइल कॅट करा आणि मॉडइन्फोच्या अलायस ओळींशी ताडून बघा. अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

आयटूसीचा नावांचा टेबलही ठेवाच. न्यू_डिव्हाइस फाइलमध्ये नाव आणि पत्ता लिहून चिप जोडली तर तिच्यामागं फर्मवेअर नोड नसतो. नुसता डिव्हाइस_गेट_मॅच_डेटा तिथं नल देतो. आयटूसीवाला कॉल आधी तोच प्रश्न विचारतो आणि नल आलं तरच नावांच्या टेबलाकडं वळतो.

ऑफ_मॅच_पीटीआर असेल तर तोही काढा. कर्नलमध्ये ऑफ (डिव्हाइस ट्रीचा आधार) बंद असलं की तो टेबल नल करतो, वर 'टेबल वापरलाच नाही' ही सूचना. एसीपीआयच्या (पीसीवरची डिव्हाइस ट्रीसारखी सोय) पीआरपी०००१ वाटेनं येणाऱ्या उपकरणालाही हाच टेबल लागतो.

ता. क. या तिन्ही चिप मेनलाइनच्या (मूळ अधिकृत कर्नल) आयआयओ या सेन्सर विभागातला ड्रायव्हर सांभाळतो. वेगळा का ठेवलाय?

वाळूज_लॉगर:
जुना कर्नल आणि आमचं लॉगिंग, म्हणून वेगळा. स्ट्रक्चर करून बघितलं, बीएमपी२८० आली. एसपीआयही आपोआप लोड होतंय.

पण आता नवाच घोळ. डिव्हाइस ट्रीत बीएमई२८० लिहिलेल्या काही सेन्सर मॉड्यूलवर ओळख रजिस्टर हेक्स डी० मधून ५८ येतंय. ड्रायव्हरनं स्वतःहून बीएमपी२८० चं स्ट्रक्चर उचलावं का?

गोदाकाठ:
नको. बीएमई म्हणून बीएमपी गळ्यात मारली आहे. बाजारात हे लै चालतं. भिंग घेऊन बघा: बीएमई२८० चं धातूचं झाकण चौकोनी, २.५ बाय २.५ मिलिमीटर. बीएमपी२८० लांबट, २ बाय २.५. बोर्ड भरायच्या आधीच आयटूसीगेट कमांडनं डी० वाचायचा आणि ६० नसेल तो बाजूला काढायचा.

ड्रायव्हरमध्ये मी आकडा जुळला नाही तर प्रोब पाडतो. बीएमपीत आर्द्रतेचा भागच नाही, तिथलं कॅलिब्रेशन वाचून जे येईल तो कचरा.

उदगीर_कर्नल:
इथं माझं मत वेगळं आहे. उद्या जुन्या चिपशी पूर्ण सुसंगत पण ओळख आकडा वेगळा अशी नवी चिप आली, तर डिव्हाइस ट्रीत नव्या नावामागं जुनं नाव जोडून तोच ड्रायव्हर चालवता येतो. आकड्यावरून प्रोब पाडला की ती वाट बंद. म्हणून डेव्ह_वॉर्ननं अपेक्षित आणि मिळालेला असे दोन्ही आकडे छापायचे आणि डिव्हाइस ट्रीवर विश्वास ठेवून पुढं जायचं. अपवाद एकच: एसपीआयवर ०० किंवा एफएफ आलं तर समोर कुणी नाहीच असं धरा. आयटूसीवर चिप नसेल तर पोच मिळत नाही आणि वाचनच चुकतं, एसपीआयवर मात्र वाचन 'यशस्वी' होतं.

गोदाकाठ:
मेनलाइनला पाठवायचा असता तर मान्य. यांच्या लॉगरवर शेतकरी पाणी द्यायचं ठरवतो. तिथं कचऱ्याचा आकडा दिसण्यापेक्षा आर्द्रतेचा रकाना कोरा दिसलेला बरा.

वाळूज_लॉगर:
सध्या ५८ आलं तर वॉर्निंग छापून आर्द्रतेचा चॅनेल नोंदवायचाच नाही, ०० आणि एफएफला प्रोब पाडायचा, असं केलंय. ती मॉड्यूल झाकण बघून वेगळी काढली, सगळी लांबटच निघाली.